हसुनानांचा निळा शर्ट

परवा बंदराच्या लाइनवर माझ्या ट्रेलरचा मागचा दिवा गेला. रस्त्याकडेच्या एका गॅरेजवाल्याकडं गाडी उभी केली, तर त्या शहाण्यानं काही विचारलं नाही, पाहिलं नाही, सरळ खिशातून नवा बल्ब काढला आणि जुना फिरवायला लागला. मी ओरडलोच, "बल्बला हात लावू नको!" बिचारा इतका दचकला की बल्ब त्याच्या हातातून पडला. एवढं ओरडायचं कारण नव्हतं, ते मलाही कळलं. पण हसुनानांच्या हाताखालून गेलेला ड्रायव्हर दुसरं काय ओरडणार?

हसुनाना म्हणजे रोह्याशेजारच्या अष्टमी गावातले गाड्यांचे इलेक्ट्रिशियन. रोह्याकडून कुंडलिकेचा पूल ओलांडून आलं की जरा पुढं त्यांची पत्र्याची शेड होती. अजून आहे. शेडीवर बोर्ड नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बोर्ड कशाला? ज्याचे दिवे गेलेत तो बरोबर येतो." रिक्षा, टेम्पो, मोटारी सगळं बघायचे, पण मनापासून नाही. जीव होता तो ट्रेलरवर. पुढची गाडी वेगळी, मागचा ट्रेलर वेगळा, आणि मागच्या सगळ्या दिव्यांना पुढून करंट पोचवणारी मधे एकच जाड केबल. तिचं बिनसलं की ड्रायव्हर आपला पुढं मजेत गाणी ऐकत चाललेला, आणि मागं सगळा काळोख. "पुढच्याला कळत नाय आणि मागच्याला दिसत नाय," नाना म्हणायचे, "मरायला तेवढाच पुरतो."

अशा माणसाला स्वतःलाच दिसेनासं होत होतं. दोन्ही डोळ्यांनी. आणि ते त्यांनी सगळ्या अष्टमीपासून, रोह्यापासून, आम्हा ड्रायव्हरांपासून लपवून ठेवलं होतं. आता ती गोष्ट हसत सांगता येते, देवाची कृपा, म्हणून तर सांगायला बसलोय. त्या वेळी हसू येत नव्हतं.

आधी माणूस कसा ते सांगतो. ठेंगणे, रुंद, केसांना खोबरेल तेल चोपडलेलं, आणि अंगात सफेद शर्ट. गाड्यांच्या तेला-ग्रीसात दिवस घालवणारा माणूस सफेद शर्ट घालतो हे मी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही. त्यावर एक डाग पडायचा नाही. ट्रेलरखाली शिरायचे तेव्हा शर्ट काढून खुंटीला, काम झालं की हात धुऊन पुन्हा अंगात, मग आरशात बघून भांग. शेडीतला तो आरसा कुठल्यातरी ट्रकचा फुटका साइड मिरर होता. नानांचा थाट मोठा. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, भांग पाडून झाल्याशिवाय "जा" म्हणायचे नाहीत.

माझी त्यांची पहिली भेट म्हणजे माझी चांगलीच शोभा झाली. मी पेणच्या अलीकडच्या गडब गावचा. तेव्हा ट्रेलर नवीनच हातात आला होता आणि मला वाटायचं आपल्याला सगळं कळतं. रोह्याच्या एका कंपनीतून माल भरून निघालो, तर मागचे सगळे दिवे बंद. मी बाजारातून बल्ब आणले, एकेक करून सगळे बदलले. तरी अंधार. मग लोकांनी नानांकडं पाठवलं.

"काय झाला?" नानांनी विचारलं.

"नाना, सगळे बल्ब गेलेले. नवीन टाकले, तरी लागत नाय."

"सगळे एकदम गेले?"

"व्हय."

"जत्रेला गेले काय सगळे मिळून?"

शेडीत चहा पीत बसलेले चार लोक हसले. नानांनी मला सगळे नवे बल्ब काढून जुने परत लावायला लावले. मी चडफडत लावले. तोवर ते स्वतः मजेत बशीतून चहा पीत होते. मग पुढं आले, केबलचा प्लग सॉकेटातून ओढून काढला आणि माझ्या नाकाखाली धरला. आतल्या पितळेवर हिरवी बुरशी चढली होती, जुन्या तांब्यावर चढते तशी.

"मिठाचा वारा हाय हा. मी पेणच्या खाडीकडचा, मिठागरावर जन्मलो. ह्याचा नि माझा दावा जुना. लोखंड खातो, पितळ खातो, मानूस पन खातो." पॉलिश पेपर घेऊन त्यांनी एकेक पिन घासली, प्लग दाबून बसवला, आणि माझे जुने बल्ब मागं लख्ख पेटले. मी नव्या बल्बांची पिशवी हातात धरून येड्यासारखा उभा. "ठेव जपून," नाना म्हणाले, "बल्ब खराब नव्हते, ड्रायव्हर कच्चा होता."

तेव्हापासून त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. ड्रायव्हर म्हणजे मी, बाकीच्यांना नावं होती.

त्यांची तपासायची रीत ठरलेली. आधी बॅटरी, मग फ्यूज, मग प्लग, मग अर्थिंग, मग वायर, आणि बल्ब सगळ्यात शेवटी. "पुढून मागं ये. बल्ब बिचारा शेवटच्या घरात राहतो, त्याच्या दारात जाऊन शिव्या कशाला देतोस?" कुणी घाई केली की मुद्दाम पुन्हा बॅटरीपासून सुरू करायचे. एवढा हट्टी माणूस. आणि सगळं झालं की परीक्षा. ड्रायव्हरनं केबिनमधे बसायचं आणि काय दाबलं ते मोठ्यानं ओरडायचं. "ब्रेक दाबला!" "सोडला!" "डावा चालू!" नाना मागं हात बांधून उभे, आणि अख्ख्या अष्टमीला कळायचं की आज कुणाच्या गाडीचं काम निघालंय. ओरडणं बारीक पडलं तर म्हणायचे, "जोरात! पोलीस पकडतो तेव्हा तरी तोंड उघडतोस ना?"

आणि फुशारकी! संध्याकाळी पुलावर जाऊन उभे राहायचे आणि रोह्याकडं जाणाऱ्या ट्रेलरचे नुसते मागचे दिवे बघून सांगायचे, हा अमक्याचा, ह्याचा उजवा ब्रेकलाइट उशिरा लागतो, तो तमक्याचा, ह्याची नंबर प्लेट आंधळी हाय. आम्ही पैजा लावायचो. नाना कधी हरले नाहीत.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. हा एवढा शूर माणूस घरातल्या विजेला भ्यायचा. बॅटरीच्या करंटशी दिवसभर कुस्ती खेळेल, पण घरातला दिवा गेला की अंगणात जाऊन उभा. गुलाबवैनी, म्हणजे नानांची बायको, स्टुलावर चढून बल्ब बदलायच्या आणि हे खालून, तेही उंबऱ्याच्या बाहेरून, सूचना द्यायचे. "सपाता घाल गो! लाकडाच्या स्टुलावर चढ गो!" एकदा वैनी वरूनच म्हणाल्या, "बॅटरी बघू काय आधी?" ते ऐकून मी जो हसलो, नाना माझ्याशी पुढची दोन कामं होईपर्यंत धड बोलले नाहीत.

आता डोळ्यांचं. ते एका दिवसात कळलं नाही. बारीक बारीक गोष्टी बदलत गेल्या आणि आम्ही गाढवं, आम्हाला एकाचाही अर्थ लागला नाही.

पहिली गोष्ट, परीक्षेची रीत उलटी झाली. नाना केबिनमधे चढून बसायला लागले आणि आम्हाला मागं उभं करायला लागले. "आपले दिवे ड्रायव्हरनं स्वतः ओळखायला पायजेत. बोल, काय लागला?" आम्हाला वाटलं आपली बढती झाली. मी तर छाती काढून मागं उभा राहायचो.

दुसरी, एलईडी दिव्यांवर त्यांचा भलताच राग. जुने बल्ब ते हाताच्या मागच्या बाजूनं चाचपायचे. गरम असला की चालू. एलईडी पेटला तरी तसा तापत नाही. "थंड दिवे हे! मेलेल्या मानसाच्या हातासारखे. काडून टाक." लोकांना वाटायचं म्हातारा नव्या गोष्टींना नाकं मुरडतोय. कुणाच्या ध्यानात आलं नाही की तो दिवा बघत नाहीये, चाचपतोय.

तिसरी गोष्ट शर्टाची. नानांचे शर्ट निळसर व्हायला लागले. आधी जरासे, मग चांगलेच. शेडीत बसून वैनींवर डाफरायचे, "कपडे पिवळे पडलेत बघ! नीळ घालतेस की नाय? जरा हात सोडून घाल!" वैनी हात सोडून घालायच्या. दुसऱ्या आठवड्याला शर्ट आणखी निळा. पुढं पुढं तर शाळेच्या युनिफॉर्मसारखा दिसायला लागला. आणि नाना आरशात बघून, भांग पाडून विचारायचे, "आता कसा सफेद दिसतो!" त्यांना तोंडावर सांगायची कुणाची छाती? आम्ही म्हणायचो, "एक नंबर, नाना."

मग एक दिवस मी त्यांच्याकडून मागच्या वायरी बदलून घेतल्या आणि पेणकडं निघालो. आमच्या गडबच्या अलीकडं मागचा एसटीवाला सारखा हॉर्न मारायला लागला, शेवटी बाजूला येऊन ओरडला, "अरे, थांबतोस का वळतोस?" मी उतरून बघितलं. ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर लागत होता. तांबडी वायर आणि तपकिरी वायर, नानांनी अदलाबदल केली होती. हसुनानांनी! मागचा जरा बेसावध असता तर? मी तिथंच वायरी बदलल्या, पण मन थाऱ्यावर नव्हतं.

परत आल्यावर नाना जेवायला गेलेले बघून मी वैनींना गाठलं. सांगितलं. त्या शेडीतल्या बाकावर टेकल्या.

"त्यांना दिसत नाय रे नीट," वैनी म्हणाल्या. "ताटातला माशाचा काटा दिसत नाय, आता भाकरीबरोबर नुसता कालवन खातात. डॉक्टरकडं चला म्हटला की अंगावर येतात. माझे सासरे म्हातारपनी आंधळे झाले. मिठागरावर उभा जन्म गेला, सगळ्यांनी सांगितला, मिठाच्या चकाकीनं डोळे गेले. काय ती चकाकी होती नि काय होता, देवाला ठाऊक. पन ह्यांच्या डोक्यात बसलाय, बापाचा तोच आपल्याला. डॉक्टर म्हनाला की शिक्का बसला. मग शेड बंद, पूल बंद, सगळा बंद. शेड बंद झाली तर हा मानूस जगेल काय रे?"

मी फक्त म्हटलं, काहीतरी करू. आणि काय करायचं ते मला अजिबात माहीत नव्हतं.

ते जमून आलं जोह्यात. पेणजवळचं जोहे म्हणजे घराघरात गणपतीचा कारखाना. तिथल्या मंदाताईंच्या कारखान्यातून दूरच्या गावी मूर्ती न्यायचं काम मला मिळालं होतं. मंदाताई स्वतः आखणी करायच्या, म्हणजे मूर्तीचे डोळे. मूर्ती कुणीही रंगवो, डोळे मात्र ताईंच्या हातचे. त्यासाठी लांबून लोक त्यांच्याकडं मूर्ती घ्यायचे.

मूर्ती सुकायला वेळ लागणार होता, म्हणून मी ट्रेलर त्यांच्या आवारात ठेवून गडबला घरी गेलो. परत येऊन बघतो तर माझा गंजका ट्रेलर नवरदेव झालेला! ताईंच्या माणसांनी अख्खा ट्रेलर रंगवला होता. देव ह्याच्यावर बसणार, मग हा असा कसा न्यायचा, म्हणून. आणि मूर्तिकारांचं रंगवणं ते. आपल्यासारखं वरवर फासणं नाही. मागच्या दिव्यांच्या पट्ट्या खोलल्या, खालचं लोखंड रंगवलं, एकेक नट-बोल्ट काढून सोनेरी केला, वाळवला आणि पुन्हा जागच्या जागी बसवला. मी म्हटलं, "ताई, पट्टीच्या खालचं कोन बघणार?" तर म्हणाल्या, "गणपतीची पाठ कोन बघतो? म्हनून कोरी ठेवतो काय आमी?"

मी खूश. मूर्ती चढल्या, पेंढा भरला, दोऱ्या आवळल्या. निघायच्या आधी दिवे लावून बघितले आणि कपाळावर हात मारला. पार्किंग मिणमिणतंय. ब्रेक दाबला की पार्किंग विझतंय आणि दोन्ही इंडिकेटर अर्धवट पेटतायत. डावा लावला की सगळं मागचं नाचतंय. मी बॅटरी बघितली, फ्यूज बघितला, प्लग घासला. सगळं ठीक. वर देव बसलेले, आणि खाली असले भुताटकीचे दिवे घेऊन मी हायवेला लागणार कसा? फोन लावला अष्टमीला. फोन वैनींनी घेतला. मी एवढंच म्हटलं, "नानांना घेऊन या, आणि तुम्ही पन या."

दुपार कलायच्या आत दोघं एसटीनं पेणला आणि तिथून जोह्याला उतरले. नाना अगदी निळ्याशार शर्टात. वैनींनी त्यांचा हात धरला होता, म्हणजे दिसायला असं की वैनींना चिखलातून चालता येत नाही.

नाना केबिनमधे चढले. मी मागं. "बोल, ड्रायव्हर!"

"ब्रेकला इंडिकेटर लागतात, नाना! मंद! पार्किंग जातो!"

"दोन्ही बाजूंना?"

"दोन्ही!"

केबिनमधून मला त्यांचं हसू ऐकू आलं. खाली उतरले, शर्ट काढून वैनींच्या हातात दिला आणि ट्रेलरला धरून धरून मागं आले. "करंट वायरीतून येतो आणि लोखंडातून परत घरी जातो. ह्याची परतीची वाट कोनीतरी बंद केली. म्हनून तो दुसऱ्याच्या दारातून घुसतोय, ब्रेकचा इंडिकेटरातून. पन वाट बंद कोन करनार, रोज चालनाऱ्या गाडीत?" बोलता बोलता त्यांची बोटं चासीवरून, म्हणजे ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्यावरून, फिरत होती. मागच्या आडव्या पट्टीवर, जिथं दिव्यांची अर्थिंगची वायर बोल्टानं आवळलेली असते, तिथं बोटं थांबली. नखानं त्यांनी बोल्ट खरवडला. "हा एवढा गुळगुळीत कसा? लोखंड असा नसतो. कोनी रंगवला?"

"मी," मंदाताई अभिमानानं म्हणाल्या. "सोनेरी. दोन हात दिलेत."

"खालून पन?"

"खालून, वरून, आतून. वायरीच्या टोकाला जी कडी हाय, तिला पन."

"अगो बाय!" नानांनी दोन्ही हात जोडले. "देवाला नटवलास नि त्याच्या गाडीचा गळा दाबलास! रंगातून करंट जातो काय?"

ताईंचं तोंड एवढंसं झालं. नानांनी बोल्ट खोलला आणि चाकूनं खालचा रंग खरवडायला लागले. "देवा, सोनं खरवडतायत," ताई कळवळल्या. नाना खरवडतच होते. मग त्यांनी मला विचारलं, "दिसला काय रे लोखंड?"

लोखंड केव्हाचं दिसत होतं, चांगलं चांदीसारखं. समोर, त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर. मी म्हटलं, "दिसला, नाना." नानांनी कडी घासली, बोल्ट आवळला. मी धावत जाऊन ब्रेक दाबला. मागं लालभडक उजेड पडला आणि कारखान्यातल्या माणसांनी "मोरया" केलं. निम्मं ओझं उतरलं.

पण मंदाताई दिव्यांकडं बघत नव्हत्या. वैनींच्या हातातल्या शर्टाकडं बघत होत्या.

"नाना, शर्टाला एवढी नीळ?"

"नीळ? सफेद हाय तो! पांढरा फेक!"

ताईंनी वैनींकडं बघितलं. वैनींनी मान खाली घातली. रंगात जन्म गेलेल्या बाईला आणखी काय सांगायचं? ताई पुढं आल्या, नानांची हनुवटी दोन बोटांनी धरली आणि त्यांचं तोंड उजेडाकडं वळवलं, रोज मूर्तीचं वळवतात तसं, काही विचारलं नाही की सांगितलं नाही. नाना एवढे चकित झाले की ओरडायचंच विसरले.

"मी वर्षभर डोळेच आखते, नाना. बुबुळाच्या मधे काळा ठिपका द्यायचा असतो. तुमचा ठिपका राखाडी झालाय. दोन्हीकडं."

वैनी रडायला लागल्या. नाना अगदी बारीक आवाजात म्हणाले, "बापाचा तोच. मला म्हाईत हाय."

"सासऱ्यांचे राखाडी नव्हते!" वैनी एकदम बोलल्या. "काळेभोर होते शेवटपर्यंत. नवीन मानसाला वाटायचा, ह्यांना दिसतंय."

"मग तो वेगळा," ताई म्हणाल्या. "हा माझ्या आईला झालेला तसा दिसतो, मोतीबिंदू. ती पन कुंकू समजून हळद लावायची. आता सुईत दोरा ओवते. मी काय डॉक्टर नाय, पन तुमी दाखवा तरी!"

"नाय," नाना म्हणाले.

आणि माझं डोकं सणकलं. वर्षानुवर्षं ह्या माणसानं मला चार लोकांत येडा ठरवलं होतं, ते सगळं एकदम वर आलं. "नाना, मी सगळे बल्ब गेले म्हणून आलो तेव्हा तुम्ही मला काय बोललात? आणि आता स्वतःचं काय? दोन्ही बल्ब गेले म्हणून अंधारात बसून राहिलात! बॅटरी बघितली? प्लग बघितला? कुणाला हात तरी लावू दिलात? बापाच्या गाडीचा बिघाड तुमच्या गाडीला कसा चिकटवता? उद्या तुम्ही पेणला डोळ्याच्या डॉक्टरकडं आला नाहीत ना, तर मी अष्टमीत येऊन दर वेळी आधी बल्ब बदलीन. तुमच्या समोर!"

नाना माझ्याकडं बघत राहिले, म्हणजे जिथून आवाज आला तिकडं. मग वैनींच्या हातातून शर्ट घेतला, अंगात घातला, बटणं लावली. "ओरडायला बरा शिकलास," म्हणाले. "चल."

मूर्ती पोचवून मी परत आलो तोवर पेणच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं. मोतीबिंदूच. दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. बाकी डोळा आतून ठणठणीत. वैनींनी फोनवर हे सांगितलं तेव्हा मी गडबच्या घरी ओट्यावर बसलो होतो. मी हुश्श करून मागं भिंतीला टेकलो. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, लोखंड दिसलं.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची होती तेव्हा मी हजर होतो. डॉक्टरांनी पट्टी काढली, थेंब टाकले, हळूहळू उघडा म्हणाले. नानांनी डोळा उघडला. छताकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं, वैनींच्या तोंडाकडं बघितलं. आम्हाला वाटलं आता काहीतरी बोलतील, डोळ्यात पाणी येईल. त्यांनी खाली स्वतःच्या अंगाकडं बघितलं आणि किंचाळले.

"हा निळा शर्ट कोनाचा?"

"तुमचाच," वैनी म्हणाल्या.

"माझा सफेद हाय!"

"तुमचे सगळे असेच हायत. वर्षभर."

नानांनी माझ्याकडं बघितलं. आता नेमकं बघितलं, थेट डोळ्यात. "ड्रायव्हर! तू म्हनायचास एक नंबर!" मी दाराबाहेर पळालो. बाहेर व्हरांड्यात हसता हसता रडू आलं आणि दोन्ही पुसायला एकच रुमाल होता. आतून वैनींचं हसणं ऐकू येत होतं. इतक्या मोठ्यानं हसताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

दुसरा डोळाही झाला. मधल्या दिवसांत काळा चष्मा लावून नाना शेडीत बसायचे, आणि तो थाट तर विचारू नका. चष्मा सुटला तसे सगळे निळे शर्ट वैनींनी गाड्या पुसायला काढले, आणि अष्टमीतल्या प्रत्येक ड्रायव्हरला त्या फडक्यावरून महिनाभर बोलणी खावी लागली. मंदाताईंकडं नाना स्वतः जाऊन आले. पॉलिश पेपर घेऊन गेले होते. सांगून आले, देवाची पाठ रंगव, पन गाडीचा एवढा एक बोल्ट कोरा ठेव गो बाय. तेव्हापासून जोह्याहून निघणाऱ्या रंगवलेल्या गाड्यांना मागं एक बोल्ट उघडा असतो. नव्या माणसाला वाटतं विसरला असेल.

पुढं मला बंदराची लाइन मिळाली आणि रोह्याला जाणं सुटत गेलं. शेवटचा गेलो तो असाच एक माल उतरवून, दिवस मावळताना. पूल अरुंद, मागं गाड्यांची रांग, थांबायला जागा नाही. कठड्याजवळ नाना उभे होते, हात मागं बांधून, सफेद शर्टात. खरा सफेद. नदीवरचा सगळा उरलेला उजेड त्या शर्टावर होता. मी हॉर्न मारला, हात केला. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते माझ्या मागच्या दिव्यांकडं बघत होते.

पूल उतरलो तोच फोन वाजला.

"डाव्या बाजूचा खालचा पार्किंग मंद हाय."

"नाना, कसे आहात?"

"मी बरा हाय. दिवा बरा नाय. बल्बला हात लावू नको."

फोन ठेवला. मी बाजूला गाडी घेतली, उतरून मागं गेलो. दोन्ही दिवे निरखून बघितले. मला काही फरक दिसेना. माझे डोळे चांगले, तरी दिसेना. मग पुढून मागं आलो, बॅटरी, फ्यूज, प्लग, आणि डाव्या दिव्याच्या अर्थिंगचा बोल्ट खोलून बघितला. खाली गंजाची बारीक पापडी होती. ती घासून काढली, बोल्ट आवळला आणि डावा दिवा उजव्यापेक्षा एवढा जोरात पेटला की मी मोठ्यानं शिवी हासडली, आनंदानं.

पुलाकडं वळून बघितलं. अंधारात नाना दिसत नव्हते, नुसता शर्ट दिसत होता. त्या शर्टाचा एक हात वर गेला, आता लागला म्हणून. मग तो सफेद ठिपका वळला आणि घराकडं चालायला लागला, एकटा, कुणाचा हात न धरता.